मस्तीमुळे मार्क गेले, का मार्क गेले म्हणून मस्ती?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नववीत, आठवीला ७४ टक्के होते ते सहामाहीला ५१ वर आले, शाळेतनं दोनदा बोलावणं आलं, वर्गशिक्षिका म्हणाल्या मागच्या बाकावर बसून दंगा करतो, गणिताच्या तासाला तर शिकवूच देत नाही, 'त्यामुळेच मार्क गेलेत'. आणि तुम्ही विचारताय की मस्ती बंद झाली तर मार्क परत येतील का, आणि नसेल तर जूनपासून सरळ होस्टेलला टाकू का. दोन ठेवून द्या, मोबाइल काढून घ्या, हे सल्ले तुम्हाला एव्हाना भरपूर मिळालेत, त्यामुळे ते मी परत देत नाही.

मी गणित-विज्ञान शिकवते, तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा, आठवी ते दहावी, आणि आता पर्यवेक्षिका असल्यामुळे 'मॅडम, याला बघा जरा' म्हणून जी पोरं ऑफिसबाहेर आणून उभी करतात ती माझ्याच वाट्याला येतात. उत्तर लांबणार आहे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न मस्तीचा नाहीये. आधी काय झालं हा खरा प्रश्न आहे. वर्गात दंगा केला म्हणून शिकायचं राहिलं आणि मार्क गेले, हे एक. किंवा शिकायचं आधीच राहिलं होतं, वर्गात काही कळेना, मग तासभर करायचं काय म्हणून दंगा सुरू झाला, हे दुसरं. दोन्हीकडे प्रगतिपुस्तक सारखंच दिसतं, शिक्षकांची तक्रारही सारखीच असते, पण उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. पहिल्यात मुलाला आवरावं लागतं. दुसऱ्यात नुसतं आवरलं तर तो गप्प बसेल, पण मार्क आहेत तिथेच राहतील. माझ्याकडे येणाऱ्या नववीच्या पोरांत दुसरा प्रकारच जास्त निघतो.

त्याआधी ७४ आणि ५१ बद्दल बोलू, कारण ही तुलनाच जरा फसवी आहे. आठवीपर्यंत आपल्याकडे आकारिक मूल्यमापन असतं, म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ, वर्गकार्य, या सगळ्याचे मार्क लेखी मार्कांत मिळतात आणि शिक्षकांचा हात तिथे सैल असतो, हे आपण सगळेच जाणतो. २०२३ च्या शेवटी शासनाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, ती जमली नाही तर पुनर्परीक्षा असं आणलं, त्याने थोडा फरक पडलाय, पण सवय अजून जुनीच आहे. नववीला मात्र दहावीचा साचा लागतो. भाषेला ८० लेखी आणि २० अंतर्गत, गणिताचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे, विज्ञानाचंही तसंच. तिथे बहुतेक मार्क पेपरमध्ये जे लिहिलं त्याचेच. त्यामुळे नववीच्या सहामाहीला दहा-बारा टक्क्यांची घसरण अगदी शांत, पहिल्या बाकावरच्या मुलांचीही होते. तुमच्या मुलाचे तेवीस गेलेत, म्हणजे काहीतरी आहे हे नक्की, पण सगळेच्या सगळे तेवीस मस्तीच्या नावावर टाकू नका.

आता मस्तीने मार्क जातात का? जातात, नक्कीच जातात. पण कुठली मस्ती त्यावर आहे. उशिरा येणं आणि दांडी मारणं यांनी सगळ्यात जास्त जातात, आणि त्यांचाच आवाज सगळ्यात कमी असतो, म्हणून तक्रारही होत नाही. मागे बसून कुजबुज, खडू मारणं, कुणाच्या डब्यावर हात मारणं, याने शिक्षक वैतागतात पण मार्कांना तेवढा धक्का लागत नाही. मारामारी, शिव्या, मावा-गुटखा, वर्गात लपवून मोबाइल, हे वेगळ्या खात्यातलं, तिथे मार्कांच्या आधी बाकीची काळजी करायची. आणि एक प्रकार असा की ज्याला कुणी बेशिस्त म्हणतच नाही, मूल मुकाट्याने बसतं, वही उघडी, पेन हातात, आणि तासभर समासात चौकोन काढतं. यात मुली पुष्कळ. त्यांच्या आईबापांना शाळेतनं बोलावणं येत नाही आणि दहावीच्या पूर्वपरीक्षेला सगळ्यांना एकदम धक्का बसतो. तुमच्या मुलाने निदान आवाज तरी केला, असं मी म्हणेन, तुम्हाला राग येईल कदाचित.

वेळ कसा जातो ते सांगते. आमच्याकडे तास ३५ मिनिटांचा. आधीचे सर निघायला उशीर, फळा पुसायचा, पहिला तास असेल तर हजेरी, वह्या काढा वह्या काढा यात चार-पाच मिनिटं गेलेलीच असतात. उरल्या वेळात मी फळ्यावर एक उदाहरण सोडवतेय, तिसऱ्या ओळीवर आलेय, आणि मागनं कुणीतरी बाक सरकवला, हसले सगळे. मी वळले, कोण रे ते, उभा राहा, मी नाही मॅडम तो, तू काय केलंस, यात दोन मिनिटं. पण ती दोन मिनिटं खरं तर दोन नसतात, कारण साठ पोरांच्या डोक्यात ती तिसरी ओळ तुटलेली असते आणि मला परत पहिल्या ओळीपासून यावं लागतं. असं तासात तीनदा झालं की दोन उदाहरणांच्या जागी एकच होतं. ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये बऱ्याच देशांतल्या शिक्षकांना विचारलं होतं की तासातला किती वेळ प्रत्यक्ष शिकवण्यात जातो, सरासरी ७८ टक्के आली, बाकीचा शिस्त राखण्यात आणि हजेरीसारख्या कामांत. त्यात भारत नव्हता. पण ७८ टक्केच धरले तरी ३५ मिनिटांतली २७ उरतात, आणि आमच्या साठ-पासष्टच्या तुकडीत शेवटच्या तासाला २७ मिळाली तर मी त्या दिवशी पेढे वाटीन.

यात नुकसान कुणाचं जास्त? दंगा करणाऱ्याचं नाही. हुशार मुलं क्लासला ते आधीच शिकलेली असतात, दंगेखोराला तसंही लिहायचं नसतं. मरतं ते मधल्या बाकावरचं, ज्याला क्लास लावलेला नाही, जे फळ्यावरच अवलंबून आहे. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका काउंटीत कॅरेल आणि होकस्ट्रा या अर्थशास्त्रज्ञांनी याचाच हिशोब केला होता, २०१० मध्ये तो आला. ज्यांच्या घरात मारहाण होत होती अशी मुलं त्यांनी कोर्टाच्या नोंदींवरून ओळखली आणि त्यांच्या वर्गसोबत्यांचे मार्क पाहिले. प्राथमिकची मुलं होती ती, पण निष्कर्ष आमच्या वर्गालाही पटतो, असं मूल वर्गात असलं की बाकीच्यांचे वाचन-गणिताचे मार्क थोडे खाली येतात आणि बाकीच्यांचा दंगाही वाढतो. त्यामुळे तुमच्या मुलाच्या शिक्षिका वैतागल्या असतील तर त्यांचं चुकतंय असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यांच्यासमोर बाकीचे एकोणसाठ बसलेत. पण याच अभ्यासात एक गोष्ट आहे जी 'एक आंबा नासका' म्हणणारे सोडून देतात. दंग्याचं मूळ घरात होतं, मुलाच्या स्वभावात नाही.

आता उलटी बाजू, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत हीच जास्त शक्य आहे, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय 'गणिताच्या तासाला तर'. म्हणजे मराठीच्या, इतिहासाच्या तासाला तेवढं नाही.

नववीच्या गणित भाग एकमध्ये तिसरं प्रकरण बहुपदी. साधारण सहामाहीच्या आधीच येतं. त्यात अवयव पाडायचे असतात. एक्सचा वर्ग अधिक ७ एक्स अधिक १२, याचे अवयव पाडा. मुलाला काय करायचंय, तर असे दोन आकडे शोधायचे ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७. तीन आणि चार. ज्याला पाढे येतात त्याला हे तीन सेकंदांत दिसतं. ज्याला येत नाहीत तो बोटं मोजत बसतो, एक बारा, दोन सहा, आणि तोवर मी फळ्यावर पुढच्या ओळीला गेलेली असते. मग १२ च्या जागी उणे १२ येतो आणि खेळ खलास. हे अवयव आठवीच्या पुस्तकात शिकवून झालेले असतात, त्यामुळे नववीला कुणी परत मुळापासून शिकवत नाही, सिलॅबस पळत असतो. दहावीला वर्गसमीकरणं येतात ती परत याच अवयवांवर. म्हणजे एका पोराचे पाढे पाचवीत कच्चे राहिले, आठवीत अवयव राहिले, नववीत बहुपदी राहिली, आणि आता तो आठवड्यातले गणिताचे सहा-सात तास अशा खोलीत बसलाय जिथे बोललेलं त्याला काहीच कळत नाही. तुम्ही-आम्ही मोठी माणसं, कंटाळवाण्या मीटिंगमध्ये अर्ध्या तासात मोबाइल काढतो. तो चौदा वर्षांचा आहे. तो शेजारच्याच्या कंपासपेटीतला डिव्हायडर काढून बाकावर नाव कोरणार नाही तर काय करणार.

वाचनाचंही तेच. असर नावाच्या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली, आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा साधारण चौथ्या हिश्श्याला सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित निम्म्यापेक्षा कमी मुलांना जमलं, ४३ टक्क्यांच्या आसपास. देशभरातले निवडक जिल्हे होते ते, तुमच्या शाळेचा आकडा काय असेल ते मी सांगू शकत नाही, पण माझ्या वर्गात मला हे रोज दिसतं. विज्ञानाच्या तासाला 'वाच रे पुढचा परिच्छेद' म्हटलं की ठरावीक पोरांचा घसा बसलेला असतो, पुस्तक घरी राहिलेलं असतं, किंवा तेवढ्यात पेन खाली पडतं आणि ते शोधताना तो असा काही बाकाखाली जातो की सगळा वर्ग हसतो आणि मी वैतागून दुसऱ्याला उभं करते. त्याचं काम झालं. यात त्याचा हिशोब अगदी पक्का आहे हो. वर्गात 'वात्रट' म्हणून नाव झालं तर चालतं, चार पोरं मागे फिरतात, पण 'ढ' ठरणं चौदाव्या वर्षी कुणालाच परवडत नाही.

आणि मग आपण शिक्षा काय करतो, तर तासाबाहेर काढतो. ज्याला गणितातनं सुटका हवी होती त्याला आपण स्वतः दार उघडून देतो. तो पॅसेजमध्ये उभा, शिपाईमामांशी गप्पा, ग्राउंडवर पीटीचा तास चाललाय तो बघतोय. आत उदाहरण पुढे गेलं. उद्या तो आत बसेल तेव्हा आजची पायरी नाही, म्हणून उद्याचं कळणार नाही, म्हणून उद्या परत बाहेर. दिवाळीपर्यंत असं चाललं की पहिलं कारण काय होतं ते कुणाला आठवतही नाही, आणि शिक्षिका म्हणतात मस्तीमुळे मार्क गेले. त्या वेळेपर्यंत ते खरंही झालेलं असतं.

आता तुमच्या घरी काय झालंय ते ओळखायचं कसं. मुलाला विचारू नका, तो 'काही नाही' म्हणेल. वह्या काढा. गणिताची वही शेवटून नाही, जूनपासून बघत या, वर तारखा असतात. जून-जुलैला अक्षर बरं, उदाहरणं पूर्ण, उत्तराखाली दोन रेघा. मग एका ठिकाणी उदाहरणं अर्धवट सुटायला लागतात, फळ्यावरचं दोन ओळी उतरवलंय आणि पुढे जागा सोडलीय, 'नंतर लिहू' म्हणून सोडलेली ती जागा कधीच भरलेली नसते. मग जागा सोडणंही बंद, नुसती प्रकरणाची नावं. ती पहिली सोडलेली जागा कुठल्या तारखेची आणि कुठल्या प्रकरणातली ते लिहून ठेवा. मग तक्रार पहिल्यांदा कधी आली ती तारीख बघा. वही आधी सुटली आणि तक्रार महिन्या-दीड महिन्याने आली, तर मस्ती नंतरची आहे. वही व्यवस्थित चालू होती आणि अचानक एका आठवड्यापासून सगळ्याच विषयांच्या वह्या एकदम थांबल्या, तर वर्गात नव्हे, कुठेतरी दुसरीकडे काहीतरी झालंय. मित्र बदलले, घरात भांडण झालं, कुणी वारलं, बाक बदलला, कुणी त्याला त्रास देतंय, रात्री एकपर्यंत मोबाइलवर रील्स. तिथे शोधा.

दुसरं म्हणजे विषयवार मार्क. सगळ्या विषयांत थोडे थोडे गेलेत का फक्त गणित, विज्ञान, इंग्रजी कोसळलंय? सगळीकडे सारखे गेले असतील तर झोप, हजेरी, घर. दोन-तीन विषयांतच असतील तर पाया. एवढं साधं गणित आहे, पण ५१ टक्के या एका आकड्याने ते झाकलं जातं.

आणखी एक शक्यता, क्लास. तुम्ही लिहिलेलं नाही पण लावला असेल तर विचारते. उन्हाळ्याच्या सुट्टीतच क्लासवाले नववीचं पहिलं सत्र उरकतात, मग शाळेत तेच परत, मूल कंटाळतं आणि 'मॅडम हे झालंय आमचं' म्हणत वर्ग डोक्यावर घेतं. ही पोरंही दंगा करतात, चिक्कार करतात, पण त्यांचे मार्क सहसा जात नाहीत. तुमच्याचे गेलेत, म्हणून मी हे बाजूला ठेवतेय.

आणि डोळे तपासा. हसू नका. मागच्या बाकावर बसणारी काही पोरं फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात आणि त्यालाच आपण गप्पा म्हणतो. चष्मा लावायची लाज वाटते म्हणून सांगत नाहीत. एका पोराचा तर चष्मा दप्तरातच असायचा वर्षभर, आईला वाटायचं लावतोय. तसंच, बोलण्यात हुशार, सामान्यज्ञान चांगलं, पण लिहायला बसलं की अक्षरं उलटसुलट, जोडाक्षरं गाळलेली, वाचताना ओळ सुटते, असं पहिलीपासून असेल तर ते मस्तीचं प्रकरण नाही, अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे आणि दहावीला बोर्ड अशा मुलांना जादा वेळ वगैरे सवलती देतं, पण त्याला सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्या तपासण्यांना वेळ लागतो. शंका असेल तर नववीतच हलवा, दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून काही होत नाही.

आता शाळेत जाल तेव्हा. दोन प्रकारचे पालक आमच्याकडे येतात. एक म्हणतात आमचा पोरगा असा नाहीच, दुसऱ्यांनी बिघडवलाय. दुसरे म्हणतात, बाई, हाडं तेवढी आमची ठेवा, बाकी काय करायचं ते करा. दुसऱ्या प्रकारच्यांना पूर्वी फार मान असायचा, आता आम्हीच घाबरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, पण त्यापुढच्या मुलांना बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहेच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मारून अवयव येत नाहीत. मारलेलं पोर दोन दिवस गप्प बसतं आणि तिसऱ्या दिवशी त्या विषयाचं पुस्तकच आणत नाही.

तुम्ही जाऊन एवढंच विचारा, दंगा नेमका कुठल्या तासाला होतो, शेजारी कोण असतो, आणि त्याच्या अगोदर वर्गात काय चाललेलं असतं. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. शिक्षिका म्हणाल्या 'फळ्यावर उदाहरण चालू असताना' तर एक अर्थ, 'ऑफ तासाला' तर अगदी वेगळा. ऑफ तासाला साठ पोरं गप्प बसावीत ही अपेक्षाच चूक आहे, तिथे तक्रार मुलाची नाही, शाळेची आहे. कित्येक शाळांत गणित-विज्ञानाची पदं रिकामी आहेत, शासनाच्या पवित्र पोर्टलवरची शिक्षक भरती कधी होते कधी अडते, आणि दोन-दोन महिने वर्गावर कुणी नसतं. मग मार्क गेले की खापर पोरांच्या बेशिस्तीवर. हे मी शाळेतच राहून बोलतेय.

मग बाक बदलायची विनंती करा. पहिल्या बाकावर आणून बसवू नका, ती शिक्षा वाटते आणि वर्ग मागून बघून हसतो. दुसरा-तिसरा बाक, भिंतीच्या बाजूला, शेजारी असा मुलगा जो लिहितो पण शहाणपणा शिकवत नाही. मी आणखी एक करते, एक छोटी वही देते, त्यात रोज फक्त दोन विषयांच्या शिक्षकांची सही, आणि सहीसमोर एकच गोष्ट, 'आजचं उदाहरण पूर्ण उतरवलं'. वर्तन कसं होतं वगैरे काही नाही. 'चांगला वागला' याची सही आणायला पोरांना लाज वाटते, उदाहरण उतरवल्याची सही आणायला वाटत नाही. तीन-चार आठवडे चालते ही वही, मग पोरंच विसरतात, तोवर सवय लागलेली असते किंवा नसते. कायम चालवायची नाही, नाहीतर तीही गृहपाठ होते.

शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या सुमारास वर्गांचं चित्रीकरण करून बघितलं की शांत वर्गातले शिक्षक दंगा झाल्यावर काय वेगळं करतात. निघालं असं की दंगा झाल्यावर सगळे साधारण सारखंच करतात. फरक आधी होता. त्यांचं सगळ्या वर्गाकडे लक्ष आहे हे पोरांना कळत असे, आणि तास मध्ये थांबत नसे. माझा अनुभव हाच आहे. वर्गाकडे पाठ करून पाच ओळी सलग लिहू नका, दोन लिहा, वळा, कुणाला तरी तिसरी विचारा. कुणी गडबड करत असेल तर लांबून ओरडू नका, शिकवत शिकवत त्याच्या बाकाजवळ जाऊन उभ्या राहा, वहीवर बोट ठेवा, पुढे चला. लांबून ओरडलं की त्याला प्रेक्षक मिळतात आणि प्रेक्षक मिळाले की माघार घेणं त्याला शक्यच नसतं. आणि दंगेखोराला फळ्यावर बोलवाच, पण त्याला येणारं उदाहरण द्या. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला तेच उदाहरण एकदा करून दाखवलं असेल तर आणखी उत्तम, याला कुणी लबाडी म्हणत असेल तर म्हणू द्या.

घरी अभ्यासाचं कसं करायचं. नववीचं पुस्तक सध्या बाजूला. वहीत जी पहिली सोडलेली जागा सापडली, तिच्या एक इयत्ता मागे जा. पाढे अडत असतील तर पाढे, लाज न बाळगता, दहा मिनिटं, बाराच्या पुढे आत्ता नको. मग आठवीचे अवयव, रोज पाच, जास्त नाही. हे तुम्ही स्वतः घेऊ नका, बाप गणित शिकवायला बसला की वीस मिनिटांत घरात महाभारत होतं. चुलतभाऊ, शेजारची अकरावीतली ताई, कुणीही चालेल. आणि त्याच वेळी नववीतलं असं एक प्रकरण धरा जे अवयवांवर उभं नाही, सांख्यिकी किंवा अर्थनियोजन, म्हणजे पुढच्या घटक चाचणीला निदान एका प्रश्नाचे पूर्ण मार्क मिळतील. दंगा कमी व्हायला ते एक पूर्ण मार्कांचं उत्तर जेवढं उपयोगी पडतं तेवढं तुमचं लेक्चर पडत नाही.

अपेक्षा मात्र बेतात ठेवा. वागणं आधी सुधारतं, मार्क एक परीक्षा मागे असतात. बरेच पालक मधेच धीर सोडतात, महिनाभर शांत बसला आणि चाचणीला तेवढेच मार्क, मग 'काही उपयोग नाही' म्हणून परत शिव्या. वार्षिकला ६० च्या आसपास आला तर ते चांगलं समजा. ७४ चं भूत डोक्यातनं काढा, ते मार्क वेगळ्या मापाने मोजलेले होते. आणि दहावीची भीती घालू नका, 'नापास झालास तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं लागेल' वगैरे. ज्याला आधीच वाटतंय की आपल्याला येत नाही, त्याला भीतीने जास्त येत नाही.

होस्टेलबद्दल स्पष्ट सांगते, मला पटत नाही. वहीत पाया सुटलेला दिसला तर तो होस्टेललाही सुटलेलाच राहणार, फरक एवढाच की तिथे वही बघायला तुम्ही नसणार, आणि नवीन ठिकाणी ओळख करायचा सोपा मार्ग त्याला माहितीच आहे, दंगा. शाळा बदलायचीच झाली तर ती दोन-तीन कारणांनी बदलावी. त्याला कुणी सतत मारतंय किंवा छळतंय आणि शाळा दखल घेत नाही, शाळेत शिक्षकच मारतात, किंवा गणित-विज्ञानाला वर्षभर शिक्षकच नाही आणि पुढच्या वर्षीही येण्याची चिन्हं नाहीत. यातलं काही असेल तर थांबू नका, आणि ते या वर्षीच ठरवा, एप्रिलचा निकाल लागल्या लागल्या दुसऱ्या शाळेत जाऊन बोला. जून उजाडला आणि तुकड्या भरल्या की दहावीला ५१ टक्केवाला नवीन मुलगा घ्यायला कुठलाच मुख्याध्यापक तयार नसतो, प्रत्येकाला आपल्या शाळेच्या निकालाची काळजी असते.